डिबगरचा पंचनामा

वीस हजार रुपयांवर साडेतीन टक्क्यांनी वर्षाचे व्याज ७०० रुपये व्हायला हवे, पण प्रोग्राम ६०० सांगतो. तो बंद पडत नाही, तक्रार करत नाही. चुकीचा आकडा छापून मोकळा होतो. अशी चूक हुडकण्यासाठी प्रोग्रामर डिबगर नावाचे साधन वापरतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ च्या सुमारास लिहिलेला जीडीबी आणि ॲपलने २०१० मध्ये खुला केलेला एलएलडीबी हे त्यांतले दोन प्रसिद्ध. डिबगर चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवतो आणि मग प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला त्याच भाषेत प्रश्न विचारू देतो: मुद्दल किती, दर किती, मुद्दल गुणिले दर भागिले शंभर किती. पडद्यावर आकडा उमटला की काम झाले, असे बाहेरून वाटते. पण तो आकडा डिबगरने स्वतःजवळ कोणत्या रूपात सांभाळायचा, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. माझ्या मते त्या उत्तराला पंचनाम्याची शिस्त लागू व्हायला हवी. त्या क्षणी जे दिसले ते नोंदवायचे, नंतर त्यात फेरफार होऊ द्यायचा नाही आणि नोंद कशावरून केली तेही लिहून ठेवायचे.

जीडीबी या शिस्तीच्या बराच जवळ जातो. ‘प्रिंट’ आज्ञेने मागितलेल्या प्रत्येक उत्तराला तो $१, $२ असे क्रमांक देतो. समजा एका व्हेरिएबलमध्ये ४ होते आणि त्याची नोंद $१ म्हणून झाली. प्रोग्राम पुढे गेला, व्हेरिएबलमध्ये ५ आले. तरी $१ मध्ये ४ च राहतो. कारण नोंद मूल्याची आहे, प्रश्नाची नव्हे. म्हणून आताच्या मूल्यातून $१ वजा करून मधल्या ओळींनी नेमका किती फरक पाडला हे ताडता येते. कोणी $१ लाच नवे मूल्य देऊ लागले तर जीडीबी साफ नकार देतो. मात्र ते मूल्य मेमरीतल्या कोणत्या पत्त्यावरून उचलले होते, हे तो विसरत नाही. विचारले तर पत्ता सांगतो. एलएलडीबीमध्येही अशा गोठवलेल्या उत्तरांसाठी ‘व्हॅल्यू ऑब्जेक्ट कॉन्स्ट रिझल्ट’ नावाचा वेगळा वर्ग आहे. चूक शोधणे हे बहुतांशी आधीच्या आणि नंतरच्या स्थितीची तुलना करण्याचे काम असते. आधीची नोंद गुपचूप बदलत राहिली तर तुलना कशाशी करणार?

पण नुसते आकडे गोठवून भागत नाही. मेमरीत असतात ते बाइट; त्यांचा अर्थ ठरतो तो टाइपवरून, म्हणजे मूल्याच्या प्रकारावरून. ३२ बिटांच्या जागेत सगळे एक भरले असतील, तर चिन्ह असलेल्या पूर्णांकात ते -१ होतात आणि चिन्ह नसलेल्या पूर्णांकात ४,२९,४९,६७,२९५. बाइटांचा क्रमही यंत्रागणिक वेगळा. बँकांमध्ये वापरल्या जाणाऱ्या आयबीएमच्या झेड मेनफ्रेमवर मोठा बाइट आधी येतो, आपल्या लॅपटॉपवर लहान. मेनफ्रेमवरचा प्रोग्राम लॅपटॉपवरून तपासताना डिबगरने चार बाइट आपल्याच सवयीने वाचले, तर १ चे १,६७,७७,२१६ होतील. म्हणून गोठवलेल्या उत्तरासोबत टाइप आणि बाइटांचा क्रम या दोन्ही गोष्टी बांधून ठेवाव्या लागतात. इथेच सुरुवातीला कमी पडलेल्या शंभर रुपयांचा उलगडा होतो. दर ‘७ भागिले २’ असा लिहिला असेल, तर सी भाषेत दोन पूर्णांकांच्या भागाकाराचे उत्तर ३ येते, अपूर्णांक गळतो. डिबगरला तेच विचारले तर त्यानेही ३ च सांगितले पाहिजे. गणिताच्या दृष्टीने बरोबर असलेले साडेतीन सांगणारा डिबगर चुकीवर पांघरूण घालेल.

यावर कोणी म्हणेल, ७ आणि २ कधीच बदलत नाहीत, मग गोठवण्याचा खटाटोप कशाला? पण स्थिर राशींच्या बाबतीत तर पुराव्याचा उगम जास्तच महत्त्वाचा ठरतो. ‘२ अधिक ३’ असे विचारले तर प्रोग्राम सुरू केलेला नसतानाही डिबगर उत्तर देतो. ते कोणत्याही मेमरीतून आलेले नसते आणि त्याला पत्ताही नसतो. प्रोग्राममधले एखादे व्हेरिएबल कायम ७ च राहणार हे कंपायलरने, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाने, ओळखले, तर बऱ्याचदा तो त्याला मेमरीत जागाच देत नाही. ड्वार्फ या डिबग-माहितीच्या प्रमाणित रचनेत ‘याचे मूल्य ७’ अशी नोंद करू शकतो. त्या वेळी डिबगर सांगतो ते स्वतः पाहिलेले नसते, कंपायलरच्या जबानीवरचे असते. सी भाषेतल्या ‘डिफाइन’ने एखाद्या मूल्याला दिलेले नाव तर कंपायलर मजकूर वाचतानाच बदलून तिथे ते मूल्य टाकतो. जीसीसी या कंपायलरला जास्त तपशिलाची डिबग-माहिती मागितली नसेल, तर असे कोणते नावच नाही, असे जीडीबी सांगतो. आणि कंपायलरने प्रोग्राम वेगवान करण्यासाठी केलेल्या ऑप्टिमायझेशनमध्ये मूल्य हरवले असेल, तर अंदाजाने आकडा ठोकून देण्याऐवजी ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ असे लिहितो. ‘माहीत नाही’ हेही पुराव्याच्या दर्जाचे उत्तर आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रोग्रामरला बऱ्याचदा जुने मूल्य नको असते, आत्ताचे हवे असते. हे खरेच आहे, आणि त्यासाठी जीडीबीत ‘डिस्प्ले’ ही वेगळी आज्ञा आहे. प्रोग्राम थांबेल तेव्हा ती विचारलेल्या राशीचे, म्हणजे एक्सप्रेशनचे, मूल्य नव्याने काढते. दोन्ही सोयी असाव्यात. फक्त एकीने दुसरीचा वेष घेऊ नये. घोटाळा होतो तो पॉइंटरपाशी. पॉइंटर म्हणजे दुसऱ्या जागेचा पत्ता. ग्राहकाच्या नावाकडे बोट दाखवणारा पॉइंटर $२ म्हणून नोंदवला, तर गोठतो तो पत्ता. तिथली अक्षरे नाहीत. प्रोग्रामने ती अक्षरे बदलली की तेच $२ पुन्हा छापल्यावर नवे नाव दाखवते. मग सगळेच का गोठवू नये? कारण एका पॉइंटरमागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा, अशी साखळी अख्ख्या मेमरीभर पसरलेली असू शकते. प्रत्येक प्रश्नाला तिची नक्कल करणे परवडणार नाही. एलएलडीबी एक्सप्रेशनच्या उत्तरासाठी ‘गोठलेले’ आणि ‘जिवंत’ अशा दोन बाजूंची सोय ठेवतो, ती या अडचणीची कबुली आहे. पण ही कबुली कोडच्या पोटात राहते. पडद्यावर मात्र गोठलेला पूर्णांक आणि पत्त्यामागून आत्ता वाचलेली अक्षरे सारख्याच ठशात उमटतात, आणि वाचणारा दोन्हींवर सारखाच विश्वास टाकतो.

म्हणून सुधारणा व्हायला हवी ती मांडणीत. आज बरेच प्रोग्रामर डिबगर वापरतात ते एडिटरमधल्या चौकटीतून, आणि तिथली ‘वॉच’ यादी प्रत्येक थांब्यावर नवे मूल्य दाखवून जुने पुसून टाकते. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या साधनात उत्तरांना क्रमांक मिळत होते. या यादीत तेही मिळत नाहीत. प्रत्येक उत्तराशेजारी ते कोणत्या थांब्यावरचे, कोणत्या टाइपचे आणि मेमरीतून वाचलेले की कंपायलरच्या नोंदीतले, एवढे दाखवायला मेमरीची नक्कल लागत नाही. यातली बरीचशी माहिती डिबगरकडे आधीच असते. ती लपवल्याने पडदा सुटसुटीत दिसतो खरा, पण शंभर रुपये कुठे गळले हे शोधणाऱ्याला त्या सुटसुटीतपणाचा काहीच उपयोग नसतो.