चालता डोळा: घारापुरी, चिनी पट आणि सिनेमा

जानेवारी २०२४मध्ये द्रोणागिरी स्टेशनात लोकल थांबू लागली. तेव्हापासून उरणकरांच्या बोलण्यात रेल्वे, बंदर आणि सिडकोचे प्लॉट आहेत. याच उरण तालुक्यातलं घारापुरी बेट मात्र सिनेमाच्या चर्चेत कुठेच नसतं. खरं तर सिनेमा पाहायला शिकावं अशी ती जागा आहे.

मुख्य लेण्यात उत्तरेच्या दारानं शिरलं की उजव्या हाताला नटराज, डाव्या हाताला योगीश्वर. समोर, खांबांच्या रांगांपलीकडे, दक्षिणेच्या भिंतीत सदाशिवाची सुमारे सहा मीटर उंचीची त्रिमुखी मूर्ती. डोळे अंधाराला सरावेपर्यंत मधलं शांत मुखच तेवढं दिसतं. मग डावीकडचा मिशाळ, हाती सर्प धरलेला भैरव उजळतो. उजवीकडचं कमळ घेतलेलं मुख त्यानंतर. चार पावलं सरकलं की एखादा खांब आड येतो आणि त्याच्या दुसऱ्या बाजूनं अर्धनारीश्वर उलगडतो. पूर्वेच्या दारानं येणाऱ्याची नजर मात्र थेट चार दारांच्या गाभाऱ्यातल्या लिंगाकडे जाते. आधी काय आणि नंतर काय, हे पाय ठरवतात.

पायांनी जुळवलेल्या अशा क्रमात सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइनला संकलन दिसलं. १९३०च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या निबंधात त्यानं अथेन्सचा अक्रॉपॉलिस एखाद्या प्राचीन चित्रपटासारखा वाचला. चीनचंही त्याला मोठं वेड. १९३५ साली चिनी ऑपेराचा नट मेइ लानफांग मॉस्कोला आला तेव्हा त्याच्या अभिनयावर आयझेनस्टाइननं लिहिलं आणि पुढे चिनी निसर्गचित्रांच्या लांब पटांवरही.

हे पट भिंतीवर टांगायचे नव्हेत. ते उजवीकडून डावीकडे हातभर उलगडायचे, पाहायचे, मागचा भाग गुंडाळत पुढे जायचं. बाराव्या शतकातल्या झांग झेदुआन या चित्रकाराचा, छिंगमिंग सणाच्या नावाचा पट जेमतेम पंचवीस सेंटिमीटर उंच, पण पाच मीटरांहून लांब. त्यात नदीवर एक कमानदार पूल आहे. एक नाव पुलाखाली येते आहे, तिची डोलकाठी अजून पुरती उतरलेली नाही, आणि कठड्यावरून वाकलेले लोक हातवारे करताहेत. काठी धडकणार की निसटणार? पाहणाऱ्याचा हात तिथं आपोआप थबकतो. त्याआधीच्या शतकात ग्वो शी या चित्रकारानं डोंगर पाहायचे तीन पल्ले सांगितले होते: खालून वर, समोरून आत खोल, जवळून सपाट दूरवर. एकाच चित्रात ते तिन्ही नांदू शकतात.

कॅमेऱ्याचं भिंग मात्र एकाच जागी खिळलेला डोळा गृहीत धरतं. युरोपच्या प्रबोधनकाळातलं हे यथादर्शन भिंगातच मुरलेलं आहे, असं १९७०मध्ये फ्रेंच सिद्धांतकार झाँ-लुई बोद्रीनं दाखवून दिलं. चिनी दिग्दर्शकांनी त्याच भिंगातून वाट काढली. फेइ मूच्या १९४८च्या ‘स्प्रिंग इन अ स्मॉल टाउन’मध्ये पडक्या तटावरून चालणाऱ्या बाईसोबत आपणही रेंगाळतो. चेन काइगेच्या ‘यलो अर्थ’मध्ये (१९८४) झांग यिमौचं छायाचित्रण क्षितिज चौकटीच्या पार वरच्या कडेला नेऊन ठेवतं, माती उरते, माणूस ठिपक्याएवढा.

आपल्याकडे भिंगातल्या या खिळलेल्या डोळ्याचा प्रश्न सर्वांत जिद्दीनं धरला दिग्दर्शक मणी कौल यांनी. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकले. यथादर्शनाच्या सक्तीविरुद्धचा त्यांचा निबंध १९९१मध्ये प्रसिद्ध झाला; त्याच्या कितीतरी आधी, १९७७ साली, त्यांनी ‘चित्रकथी’ हा माहितीपट केला होता. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत पोथीतलं एकेक चित्र समोर धरून कथा गातात; तीच चित्रकथी. चित्रातली पात्रं एका बाजूनं रेखलेली, टपोऱ्या डोळ्यांची. मागे बहुतेक कोरा कागद. हा कोरेपणा चिनी चित्रातल्या रिकाम्या जागेशी सरसकट जुळवू नये. तिथं कोऱ्यात धुकं असतं, पाणी असतं. इथं ती जागा गाणाऱ्याच्या आवाजासाठी सोडलेली असते. तरीही नातं दूरचं नाही. चित्र दाखवून कथा सांगण्याची चिनी प्रथा मुळात भारतातून गेली, अशी मांडणी चिनी साहित्याचे अभ्यासक व्हिक्टर मेअर यांनी १९८८च्या ग्रंथात केली आहे.

पिंगुळीचे परशुराम गंगावणे (पद्मश्री, २०२१) यांनी घरच्या गोठ्यातच चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं. सिनेमा शिकणाऱ्या मराठी मुलांची पहिली सहल तिथं आणि घारापुरीला निघायला हवी, आयझेनस्टाइनचा धडा सुरू होण्याआधी.