इंजिनालाही वापसा लागतो : पेट्रोलचा अतिरेक आणि बंद पडणारे फवारणी यंत्र

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर २ मध्ये, माझे बालपण गेले. डिसेंबर-जानेवारीतील थंड पहाटे शेजारचे एक काका पहिल्या पाळीला निघताना आपली जुनी कार्बोरेटरची मोटार सुरू करू लागत. ती एक-दोनदा खोकल्यासारखा आवाज करून बंद पडे. मग काका चोक पूर्ण ओढत, अ‍ॅक्सिलरेटर पुनःपुन्हा दाबत. अंगणात पेट्रोलचा उग्र वास पसरे आणि मोटार मात्र दाद देत नसे. अखेर कंटाळून ते चहा घेत बसत. पंधरा-वीस मिनिटांनी तीच मोटार सहज सुरू होई. मोटारीला विश्रांती हवी होती, असे आम्हा मुलांना वाटे. वास्तविक तिच्यात पेट्रोल अतिरिक्त झालेले असे.

हाच प्रसंग आता शेताच्या बांधावर, पाठीवरच्या पेट्रोल फवारणी यंत्राबाबत वारंवार पाहण्यात येतो. येथे त्याची किंमत अधिक आहे. तुरीवरील घाटेअळी लहान अवस्थेत असतानाच नियंत्रणात येते आणि फवारणीस योग्य असा शांत वारा सकाळी थोडाच वेळ मिळतो. तो वेळ यंत्राची दोरी ओढण्यात गेला, की फवारणी दुपारच्या उन्हात व वाऱ्यात उरकली जाते आणि कीटकनाशकाचे तुषार फवारणाऱ्याच्याच अंगावर येतात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीवेळी झालेल्या विषबाधांमध्ये अनेक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. म्हणूनच यंत्र वेळेवर सुरू होणे हा सुरक्षित फवारणीचाच एक भाग मानला पाहिजे.

पेट्रोल जास्त असूनही ते पेटत का नाही?

द्रवरूप पेट्रोल जळत नाही. जळते ती त्याची हवेत मिसळलेली वाफ. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साधारण पंधरा किलो हवा लागते. म्हणजेच एक लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा. मिश्रणात वाफेचे प्रमाण सुमारे दीड टक्क्याहून कमी किंवा साडेसात टक्क्यांहून अधिक असेल, तर ठिणगी पडूनही ते पेट घेत नाही.

थंड इंजिनात पेट्रोलची वाफ कमी होते. ती उणीव भरून काढण्यासाठी चोक हवेचा मार्ग अरुंद करतो व मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढवतो. परंतु इंजिन एकदा फुरफुरून बंद पडल्यावरही चोक तसाच ठेवून दोरी ओढत राहिल्यास न जळलेले पेट्रोल आत साचते. ते स्पार्क प्लगच्या टोकावर चढते. तेथील काजळी ओली होते आणि विद्युत दाब फटीतून ठिणगी टाकण्याऐवजी त्या थरावरूनच निसटून जातो. टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रण क्रँककेसमधून जात असल्याने तेथेही पेट्रोल साठते. त्यामुळे पुढच्या प्रत्येक ओढीबरोबर आणखी पेट्रोल वर येत राहते.

शेतकऱ्यांना ही स्थिती अपरिचित नाही. पाणी साचलेल्या शेतातील तूर मान टाकते, तेव्हा तिला पाणी कमी पडलेले नसते. मुळांना हवा मिळत नसते. अशा वेळी आणखी पाणी देणे म्हणजे पीक घालवणे. वापसा येऊ देणे हाच उपाय. इंजिनाचेही तसेच आहे.

आधी निदान, मग उपाय

पेट्रोल न पोहोचणे आणि पेट्रोल अतिरिक्त होणे, दोन्हींत यंत्र सुरू होत नाही. उपाय मात्र परस्परविरुद्ध आहेत. म्हणून प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोलचा मार्ग तपासावा. प्लग ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पुढीलप्रमाणे करावे :

१. यंत्र पाठीवरून उतरवून सपाट जागी ठेवावे व पेट्रोलचा कॉक बंद करावा.
२. चोक पूर्ण उघडावा, म्हणजे हवेचा मार्ग मोकळा होईल.
३. प्लग स्वच्छ कापडाने पुसून कोरडा करावा.
४. इंजिनाचा स्विच बंद ठेवून व प्लगची वायर छिद्रापासून दूर ठेवून दोरी पाच-सहा वेळा ओढावी. साचलेले पेट्रोल छिद्रातून बाहेर पडेल. चेहरा त्यासमोर नसावा.
५. सांडलेले पेट्रोल उडून जाईपर्यंत थांबावे. प्लग बसवून, थ्रॉटल पूर्ण उघडून, चोक न लावता दोरी ओढावी. इंजिनाने पेट घेताच कॉक उघडावा व थ्रॉटल कमी करावे.

प्लगच्या छिद्राजवळ ठिणगी तपासू नये. जवळपास विडी-सिगारेट पेटवू नये. कीटकनाशक लागलेल्या हातांनी काम करू नये आणि जेट किंवा नोझल तोंडाने कधीही फुंकू नये.

वारंवार असे का होते?

कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पातळी फ्लोट व सुई राखतात. सुईखाली कचरा अडकला किंवा ती झिजली, तर पेट्रोल अखंड वाहत राहते. काम थांबल्यावर कॉक उघडा राहिल्यास ते इंजिनात उतरते. धुळीने भरलेला एअर फिल्टर तर कायम ओढलेल्या चोकसारखेच काम करतो. टू-स्ट्रोक ऑइलचे प्रमाण उत्पादकाने सांगितले असेल तेवढेच ठेवावे. २५:१ म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिलि. जास्त ऑइलने प्लगवर काजळी धरते.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. महिनोन्महिने राहिलेले पेट्रोल चिकट होऊन सुई व जेटमध्ये बसते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावाही शोषून घेते. यंत्र झाकून ठेवावे, कारण कुंभारमाशीला मातीचे घर बांधण्यास अशी अरुंद छिद्रे सोयीची वाटतात. टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र तिने बुजवले, की पेट्रोल येईनासे होते.

आजच्या इंजेक्शन प्रणालीच्या मोटारींत हा दोष क्वचित आढळतो. थंड गाडी सुरू करून चार हात पुढे घेतली व लगेच बंद केली, की मात्र तो उद्भवू शकतो. अशा बहुतेक मोटारींत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर काही सेकंद फिरवल्यास संगणक पेट्रोल थांबवतो व केवळ हवा आत जाते.

विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामपूर्व प्रशिक्षणात औषधाच्या मात्रेबरोबरच ओला व कोरडा प्लग शेतकऱ्यांच्या हाती देऊन दाखवावा. दोरी आणखी जोराने ओढण्यापूर्वी दोन मिनिटे थांबून प्लग पाहण्याची सवय लागली, तर सकाळची शांत वेळ फवारणीसाठीच उपयोगी पडेल.