मेल गेमचे, पत्ता वडिलांचा

अंबडला बहिणीकडे गेलो होतो. दाजींना बँकेचं एक पत्र हवं होतं, मेलवर आलेलं. मोसंबीच्या बागेत दिवस घालवणारा हा माणूस. मेल उघडायची वेळ वर्षातून एकदोनदाच येते. फोन माझ्या हातात दिला. उघडतो तर सगळ्यात वर इंग्रजीत लिहिलेलं : 'योद्ध्या, तुझी सेना वाट पाहतेय!' त्याखाली 'तुमची मोफत नाणी आज रात्री संपणार'. त्याच्याही खाली 'आम्हाला तुमची आठवण येते'. बँकेचं पत्र फार खाली सापडलं.

दाजींनी आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही. खेळतो भाचा, सातवीतला. पण फोनमध्ये खातं एकच, दाजींच्या नावाचं, फोन घेतला तेव्हा दुकानातच उघडून दिलेलं. गेममध्ये शिरताना 'गुगलने लॉगिन करा' हे बटण दाबलं की कंपनीकडे जातो तो त्या खात्याचा पत्ता. आठ तालुक्यांच्या आपल्या जालना जिल्ह्यात असे फोन किती घरांत असतील, विचार करा. मी मात्र त्या दिवसापासून या मेलांच्या मागेच लागलो.

शब्द गेमवाल्यांनीच दिला

अशा नको असलेल्या मेलांना आपण स्पॅम म्हणतो. मूळचं स्पॅम म्हणजे 1937 मध्ये अमेरिकेतल्या हॉर्मेल कंपनीने आणलेलं डबाबंद डुकराचं मांस. 1970 मध्ये 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश मंडळींनी त्यावर एक प्रहसन केलं : खानावळीतल्या जवळपास प्रत्येक पदार्थात स्पॅम, आणि गिऱ्हाईक बाई 'मला नको' म्हणून कंटाळते तरी समोर येतं ते स्पॅमच.

हा शब्द संगणकावर आणण्यात मोठा वाटा गेम खेळणाऱ्यांचा आहे. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ रचला, सुरुवात 1978 ची. चित्र एकही नाही. गुहा, तलवारी, राक्षस सगळं अक्षरांतून. पुढे अशा खेळांची लाट आली. त्यात कुणी खोडसाळपणे तेच वाक्य शेकडो वेळा टाकलं की बाकीच्यांचा खेळ पडद्यावरून वर सरकून दिसेनासा व्हायचा. खेळाडू वैतागून त्याला 'स्पॅमिंग' म्हणू लागले.

आणि त्याच 1978 च्या 3 मे रोजी पहिला जाहिरातबाज सामूहिक मेल गेला. पाठवणारे गॅरी थर्क, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे विक्री अधिकारी. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे 400 जणांना त्यांनी नव्या संगणकाचं आमंत्रण धाडलं. पत्ते इतके झाले की त्यांच्या रकान्यात मावेनात, उरलेले मजकुरात सांडले! लोक भडकले, वरून तंबीही आली. पण विक्री कोट्यवधी डॉलरची झाली, असं थर्क पुढे सांगत राहिले. लोक चिडले तरी माल खपतो, हाच त्यातला धडा.

पत्रकाला कागद लागतो

सर्कस आली की रिक्षातून पत्रकं उधळली जायची, आम्ही पोरं मागे धावायचो. त्या प्रत्येक पत्रकाला कागद लागायचा, छपाई लागायची. म्हणून ती मोजून वाटली जायची. मेलचं तसं नाही. हजाराला पाठवा की लाखाला, खर्चात फरक नगण्य. फुकटच्या गेममध्ये पैसे मोजणारे खेळाडू थोडेच असतात, म्हणून गेलेला खेळाडू परत आणणं हाच धंद्याचा कणा. 'तुमची आठवण येते' म्हणणाऱ्या मेलला या धंद्यात 'विन-बॅक' असं खास नावच आहे.

त्यातल्या बऱ्याच मेलांत एका ठिपक्याएवढं, डोळ्यांना न दिसणारं चित्र लपवलेलं असतं. तुम्ही मेल उघडला की ते चित्र कंपनीच्या यंत्रावरून मागवलं जातं आणि मेल वाचला गेल्याची नोंद होते.

जगातल्या मेलांपैकी जवळपास निम्मे स्पॅम असतात. ते सगळे आपल्यापर्यंत पोचत नाहीत, याचं काही श्रेय अठराव्या शतकातल्या एका इंग्लिश पाद्रीबाबांना! थॉमस बेज यांचं संभाव्यतेचं गणित वापरून स्पॅम कसा ओळखावा, हे पॉल ग्रॅहम यांनी 2002 मध्ये लिहिलं आणि गाळणीची ही रीत सगळीकडे पसरली.

कायद्याची बाजू

नको असलेल्या फोनसाठी आणि एसएमएससाठी आपल्याकडे 1909 हा क्रमांक आहे. जाहिरातीचा एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाला आता शेवटी 'पी' हे अक्षरही लागतं. दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या या नियमांत ई-मेल मात्र बसत नाही.

जुलै 2025 मध्ये विधान परिषदेत एक मंत्री फोनवर रमी खेळताना दिसत असल्याच्या चित्रफितीवरून गदारोळ झाला. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेली जाहिरात बंद करत होतो, असं तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी सांगितलं. पुढच्याच महिन्यात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा 'रमी खेळा, रोख जिंका' असा मेल आला तर त्यातल्या कशालाही हात लावू नका.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा आहे तो 2023 चा डेटा संरक्षण कायदा. त्यात 18 वर्षांखालचा प्रत्येक जण मूल. मुलांचा माग काढायचा नाही, त्यांना हेरून जाहिराती करायच्या नाहीत, आणि संमती जितकी सहज दिली तितकीच सहज मागे घेता आली पाहिजे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. मुख्य तरतुदींना त्यानंतर 18 महिन्यांची मुदत आहे. पण भाचा खेळतो दाजींच्या नावावर! कंपनीच्या वहीत तो चाळिशी ओलांडलेला बागायतदार आहे. मुलांसाठी केलेली ढाल त्याच्यापर्यंत पोचणार कशी?

बियाण्याची पिशवी आठवा

जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. बद्रिनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथेच महिको सुरू केली. पिशवी घेताना इथला शेतकरी टॅग बघतो, लॉट नंबर बघतो, मुदत बघतो, पक्की पावती मागतो. मेललाही तेवढीच पारख पुरते. पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लावू शकतो. खरा टॅग म्हणजे ॲटच्या चिन्हापुढचा पत्ता. कंपनी ओळखीची असेल तर 'अनसबस्क्राइब' दाबा. अनोळखी असेल तर आतल्या लिंकला हात न लावता 'स्पॅम' म्हणून कळवा.

दिवसाला 5,000 हून जास्त मेल धाडणाऱ्यांनी जाहिरातीच्या मेलमधून एका टिचकीत सुटका द्यावी आणि ती दोन दिवसांत अमलात आणावी, असा गुगलचा नियम 2024 पासून आहे. जीमेलच्या मेनूत जुलै 2025 पासून 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' ही यादी मिळू लागली. कोण किती मेल धाडतो ते तिथे एका जागी दिसतं. दाजींच्या खात्यात सतरा नावं निघाली. चहा निवायच्या आत सगळी कापली.

मग भाच्याचं वेगळं खातं उघडलं. 13 वर्षांखालच्या मुलाचं गुगल खातं 'फॅमिली लिंक'मधून पालकांच्या देखरेखीखाली चालतं, पैसे खर्चायची परवानगीही पालकांच्याच हाती राहते. तुमच्या घरी मूल तुमच्या फोनवर खेळत असेल, तर आज रात्रीच त्याला स्वतःचं खातं काढून द्या. आणि जन्मतारीख खरी टाका.