हळहळीचं व्याकरण

संध्याकाळी कामावरून सुटलेली काही पोरं माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. मी आपला साधा बी. ए., त्यातून मराठीत कविता करणारा. पण ‘विश’चा धडा मला मनापासून आवडतो.

आज सायकल नाही, पण हवी आहे. इंग्रजीत म्हणायचं, ‘आय विश आय हॅड अ सायकल’. ‘हॅव’ नाही, ‘हॅड’. गोष्ट होऊन गेलेली असेल, तर आणखी एक पायरी मागं: ‘आय विश आय हॅड गॉन’. गेलो असतो तर बरं झालं असतं! जे अजून घडू शकतं, त्याला मात्र ‘होप’.

पोरं विचारतात, “सर, इच्छा आजची, मग क्रियापद कालचं का?” अहो, आपणही ‘सायकल आहे तर’ म्हणत नाही, ‘असती तर’ म्हणतो. आमच्या घरच्या बोलीत त्यासाठी फारसीतून आलेला ‘काश’ आहे. मराठीत सगळा भार क्रियापदावरच. इंग्रजी तेच क्रियापद मागं सरकवते. ते अंतर काळाचं नसतं, नसलेपणाचं असतं.

एकानं वहीत लिहिलं होतं, ‘आय विश माय फादर इज अलाइव्ह’. मी ‘इज’ खोडून ‘वेअर’ लिहायला गेलो आणि लाल पेन थबकलं. त्या पोराच्या वाक्यात वडील अजून होते.

शेवटी खोडलंच. त्यानं वही पाहिली.

“सर, इथं ‘होप’ चालणार नाही ना?”

“नाही रे,” म्हटलं आणि पुढचं वाक्य घेतलं.