जुन्या मोबाईलचा पुढचा मुक्काम

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग सुरत शहरात शिरत नाही. कामरेजच्या चौफुलीवरून तो तापी ओलांडून पुढे निघतो. सौराष्ट्राच्या बसगाड्या, उसाचे ट्रक, हिऱ्यांचे कारखाने अशी इथली वर्दळ. खानदेशातून सुरतेत आलेल्या माणसाला ही नदी परकी नाही. भुसावळजवळून वाहणारी तीच तापी उकाईचं धरण ओलांडून इथे येते. सुरत तिचंच पाणी पितं आणि कामरेज शहराच्या वरच्या अंगाला आहे. तेव्हा या काठावर काय टाकलं जातं, ही एकट्या कामरेजची बाब राहत नाही; तो इलेक्ट्रॉनिक कचरा असेल तर मुळीच नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत मेलेला मोबाईल, चार्जरची जुडी, जुना टीव्ही भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो. पैसे रोख, शिवाय तो दारात येतो. पुढे माल हातोहात फिरत अशा कोणाकडे तरी पोचतो, ज्याला त्यातलं तांबं आणि सोनं काढता येतं.

कसब आपल्याकडचं जुनंच. झारेकरी सोनारपेठेची माती धुऊन सोन्याचे कण काढत. फाटक्या शालूची जर जाळून चांदी काढणारेही होतेच. आता फक्त माल विषारी आहे. बोर्ड कोळशाच्या शेगडीवर तव्यासारखा तापवतात, झाळ वितळली की चिमट्याने चिपा उचलतात आणि बोर्ड आपटून उरलेलं कथील-शिसं झाडतात. सोन्याचा मुलामा असलेले भाग तेजाबात टाकले की तपकिरी धूर उठतो. वायरी सरळ पेटवतात. तांबं हाती येतं, पण प्लास्टिकच्या वेष्टणातून डायॉक्सिन हवेत जातं. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं, तेही किलोच्या हिशोबात. उरलेलं तेजाब गटारात.

शिसं कामगाराच्या कपड्यांवरून घरी येतं आणि रांगतं मूल ते बोटाने तोंडात घालतं. चीनमधलं ग्वीयू हे या धंद्याचं गाव. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या १६५ मुलांच्या रक्तात सरासरी १५.३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर शिसं निघालं; शेजारच्या गावात ९.९ होतं. आज अमेरिकेत ३.५ लाच धोक्याची घंटा वाजते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तर सुरक्षित पातळीच नाही. बुद्धीची वाढ खुंटते ती कायमची. घानाच्या आक्रामध्ये अशा भंगारवाडीत चरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत डायॉक्सिन सापडलं. आपल्याकडे मुरादाबादला बोर्डांची काळी राख रामगंगेच्या काठी साठली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. राखेचा ढीग काठावर गप्प पडून राहत नाही, एक पूर पुरतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीने सुरतेचं काय केलं, हे इथल्या कोणाला सांगायला नको.

विषारी माल महामार्गाने किती सहज फिरतो, हेही सुरतेने पाहिलंय. जानेवारी २०२२ मध्ये सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरने रात्री नाल्यात रसायन सोडलं. त्या वायूने सहा कामगार दगावले. रसायन आलं होतं आपल्या तळोज्याहून. तो इलेक्ट्रॉनिक कचरा नव्हता, पण पळवाट तीच: नियमाने विल्हेवाट लावायला पैसे पडतात, अंधारात ओतायला जवळजवळ काहीच नाही.

इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी कायदा नाही असं नाही. २०१२ पासून नियम लागू आहेत. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या नियमांनी उत्पादकांना पुनर्चक्रणाची उद्दिष्टं घालून दिली. तरी जगात २०२२ साली निर्माण झालेल्या ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचऱ्यापैकी रीतसर पुनर्चक्रण झाल्याची नोंद जेमतेम २२ टक्क्यांची.

भंगारवाल्याला हाकलून हे सुधारेल असं मला वाटत नाही. दारोदार फिरून जमवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ते दाखवलंय. त्याने गोळा करावं, सुटं करावं. शेगडी आणि तेजाब तेवढं त्याच्या हातून सुटायला हवं, आणि ते सुटेल केव्हा, तर अख्ख्या बोर्डाला तेजाबातून निघणाऱ्या सोन्याच्या तोडीचा भाव मिळाला तर. हा भाव द्यायला पुनर्चक्रण करणाऱ्याकडे पैसा हवा. सरकारने २०२४ मध्ये कंपन्यांनी पुनर्चक्रण करणाऱ्यांना द्यायचा किमान दर ठरवला: घरगुती उपकरणांसाठी किलोला २२ रुपये. मोठमोठ्या कंपन्यांना तोही जड झाला; त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या.