पाचगणीची हवा, क्षयाचा जंतू आणि पेशीचे पटल

1912 मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीत ‘बेल-एअर’ हे क्षयरोग्यांसाठीचे आरोग्यधाम उभे केले. सुमारे 1,300 मीटर उंचीवरची थंड, स्वच्छ हवा, सकस आहार आणि सक्तीची विश्रांती, हाच त्या काळी क्षयावरचा मुख्य इलाज होता. हवा पालटायला आलेला रोगी महिनोन्महिने इथे मुक्काम करी.

आजार असा रेंगाळतो, कारण त्याचा जंतूच संथ आहे. क्षयाच्या जंतूला एकाचे दोन व्हायला साधारण 20 ते 24 तास लागतात. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूला चांगले खाद्य मिळाले, तर हेच काम तो 20 मिनिटांत उरकतो. गंमत अशी, की दोघांच्या डीएनएची लांबी जवळजवळ सारखी आहे: एकाच्या सुमारे 44 लाख अक्षरजोड्या, दुसऱ्याच्या 46 लाख. मग डीएनएची नवी प्रत काढायला कधी हात घालायचा, हे पेशी ठरवते तरी कशी? गेल्या साठ वर्षांत या प्रश्नाने संशोधकांना डीएनएपासून थेट पेशीच्या पटलापर्यंत, त्यातल्या मेदापर्यंत नेले.

पटलाचे नाव पहिल्यांदा ठळकपणे घेतले गेले 1963 मध्ये. फ्रांस्वा जेकब, सिडनी ब्रेनर आणि फ्रांस्वा क्यूझाँ यांनी मांडले, की प्रत एका ठरावीक जागेपासून सुरू होते, तिथे एक खास प्रथिन काम करते आणि जिवाणूचा डीएनए पटलाला बांधलेला असतो. प्रथिनाची बाजू लवकर सिद्ध झाली. 1981 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्थर कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेने ई. कोलायच्या आरंभस्थानापासून होणारी ही प्रक्रिया परीक्षानळीत घडवून दाखवली. डीएनएए नावाचे प्रथिन एटीपी हा ऊर्जारेणू धरून सुमारे 245 अक्षरजोड्यांच्या आरंभस्थानावर बसते आणि तिथले दोन धागे सोडवते. काम झाले की एटीपीचे एडीपी हे ऊर्जा खर्चलेले रूप होते आणि प्रथिन निष्क्रिय पडते. पेशीच्या एका फेरीत प्रत एकदाच निघते, त्याचे हे एक मुख्य कारण.

अडचण पुढची होती. हे प्रथिन वापरलेला एडीपी सहजासहजी सोडत नाही. मग ते पुन्हा कामाला लागते कसे?

1988 मध्ये काझुहिसा सेकिमिझु आणि कॉर्नबर्ग यांनी याचे अनपेक्षित उत्तर दिले: कार्डिओलिपिन. मेरी पँगबॉर्न यांनी 1940 च्या दशकात गाईच्या हृदयातून वेगळा केलेला हा मेद सिफिलिसच्या रक्तचाचणीसाठी ओळखला जाई. तो पटलात असला की डीएनएए एडीपी सोडते, एटीपी घेते आणि पुन्हा सज्ज होते. पण त्यालाही दोन अटी निघाल्या. एक, मेद आम्लधर्मी, म्हणजे ऋणभारित हवा; ई. कोलायच्या पटलात ज्याचा भरणा सर्वाधिक, तो फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइन इथे उपयोगाचा नाही. दोन, पटल प्रवाही हवे. थिजलेल्या तुपासारखे घट्ट झाले, की परिणाम ओसरतो.

परीक्षानळीतले जिवंत पेशीतही घडते का? 1995 मध्ये टेक्सासच्या विल्यम डाउहन यांच्या प्रयोगशाळेने आम्लधर्मी मेद आटवलेल्या पेशी तपासल्या. त्यांची वाढ थांबली होती. पण नेहमीचे आरंभस्थान वगळून प्रत काढण्याची आडवाट मोकळी करून देताच त्या पुन्हा वाढू लागल्या. पुरावा भक्कम वाटत होता. 2000 मध्ये मात्र जपानी संशोधकांनी दाखवले, की पटलातले एक विशिष्ट लिपोप्रथिन काढून टाकले, तर प्रमुख आम्लधर्मी मेदांवाचूनही पेशी जगते. अर्थात अशा पेशीत फॉस्फॅटिडिक आम्लासारखे दुसरे आम्लधर्मी मेद साठत असल्याने वाद तिथे मिटला नाही. 2012 मध्ये एलियट क्रुक आणि कर्स्टन स्कार्स्टॅड यांच्या गटांना आढळले, की हे मेद आटले की डीएनएच्या प्रती निघणे मंदावते आणि ते परत मिळाले की आधी प्रत सुरू होते, वाढ नंतर.

क्षयाच्या जंतूवरचे काम 2002 मध्ये पुढे आले. टेक्सासमधल्याच टायलर इथे मालिनी राजगोपालन आणि मूर्ती मदिराजू यांच्या गटाने या जंतूचे डीएनएए प्रथिन तपासले, तेव्हा तेही आम्लधर्मी मेदांच्या सान्निध्यात आपला ऊर्जारेणू सोडताना दिसले. या मेदांत फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉलही होता. ई. कोलायमध्ये तो नसतो. क्षयाच्या जंतूच्या पटलाचा मात्र तो महत्त्वाचा घटक आहे.

दरम्यान पाचगणीचे चित्र पालटले होते. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, 1952 मध्ये आयसोनायझिड आले. हे दुसरे औषध जंतूच्या भिंतीतली मायकोलिक आम्ले बनू देत नाही, म्हणजे त्याचा नेम मेदावरच असतो. घरी राहून घेतलेली औषधे आरोग्यधामातल्या उपचारांइतकीच गुणकारी ठरतात, हे 1959 मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवले आणि डोंगरावरच्या मुक्कामांची गरज सरली. ‘बेल-एअर’ पुढे रेडक्रॉसकडे गेले आणि एचआयव्हीबाधितांच्या उपचारांसाठी नावाजले.

या वाटचालीचा निष्कर्ष सरळ आहे. पटल म्हणजे पेशीचे नुसते कुंपण नव्हे. डीएनएची प्रत कधी सुरू व्हावी यावर त्याचा प्रभाव पडतो, मात्र एकट्याच्या हाती निर्णय नसतो. प्रथिने आणि डीएनएवरच्या खास जागाही त्यात सहभागी असतात. जगातले सुमारे चतुर्थांश क्षयरुग्ण आज भारतात आहेत आणि प्रचलित औषधांना न जुमानणारे जंतूही आढळतात. जंतूच्या डीएनएची प्रत सुरू होण्याआधीच अडवणारे औषध शोधायचे, तर आपल्या प्रयोगशाळांनी जनुकांइतकेच मेदांकडेही लक्ष द्यायला हवे आणि त्यासाठी सरकारने हात सैल सोडायला हवा.