चार्ल्स मिशेल : बँकेच्या नावावर रोखे विकणारा बँकर

२१ फेब्रुवारी १९३३ रोजी नॅशनल सिटी बँकेचे अध्यक्ष चार्ल्स मिशेल अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्षीला बसले. ही तीच न्यूयॉर्कची बँक, जी पुढे सिटीबँक म्हणून भारतातही ओळखीची झाली. आठवडाभरात मिशेल यांना पद सोडावे लागले, आणि चार महिन्यांत अमेरिकेचा बँकिंग कायदाच बदलला.

मिशेल मूळचे बँकर नव्हतेच. १८७७ मध्ये बॉस्टनजवळ चेल्सी येथे जन्म, आणि उमेदवारी विजेची उपकरणे बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत. १९१६ मध्ये ते नॅशनल सिटी कंपनीत आले. नाव बँकेसारखेच, पण ही कंपनी वेगळी होती. बँकेला समभागांचा धंदा करण्याची मुभा नव्हती, म्हणून १९११ मध्ये तिने ही जोडकंपनी काढली. भागधारक तेच, साहेबही तेच. कागदोपत्री मात्र दोन संस्था.

तोवर रोखे म्हणजे श्रीमंतांचा मामला होता. पहिल्या महायुद्धात सरकारने युद्धरोखे विकले आणि सामान्य माणसालाही व्याज देणाऱ्या कागदाची सवय झाली. मिशेल यांनी हे हेरले. पन्नासहून अधिक शहरांत कार्यालये उघडली, विक्रेत्यांना उद्दिष्टे दिली, त्यांच्यात स्पर्धा लावल्या. १९२१ मध्ये ते बँकेचेही प्रमुख झाले. ग्राहकाच्या दृष्टीने आता ‘बँकेचा माणूस’च सल्ला देत होता. खरे भांडवल हा भरवसाच होता, असे म्हणायला हरकत नाही.

माल कसा होता? १९२७-२८ मध्ये पेरू सरकारचे ९ कोटी डॉलरचे रोखे बाजारात आणण्यात कंपनी पुढे होती. या देशाची पत वाईट आहे, असे सांगणारे अहवाल तिच्याच दप्तरात होते. ग्राहकांना ते कळले नाही. १९३१ मध्ये पेरूने हात वर केले. क्यूबातील साखर कारखान्यांना बँकेने दिलेली कर्जे बुडू लागली, तेव्हा १९२७ मध्ये भागधारकांकडून ५ कोटी डॉलर उभे केले गेले आणि त्यातले निम्मे या कर्जांचे ओझे बँकेवरून उतरवण्यात गेले.

समितीचे वकील फर्डिनांड पेकोरा यांनी हे सारे कंपनीच्याच कागदांतून बाहेर काढले. लोकांना सर्वाधिक झोंबली ती मात्र घरातली वागणूक. १९२९ च्या कोसळणीनंतर अधिकाऱ्यांना सुमारे २४ लाख डॉलरची बिनव्याजी, बिनतारण कर्जे मिळाली, आणि त्यातली नाममात्रच फिटली. त्याच वेळी साधे कर्मचारी बँकेच्या समभागांचे जुन्या चढ्या भावाचे हप्ते पगारातून भरतच होते. खुद्द मिशेल यांची १९२९ ची कमाई दहा लाख डॉलरच्या वर होती, तरी त्या वर्षी त्यांनी प्राप्तिकर भरला नाही. १८,३०० समभाग पत्नीला ‘विकून’ त्यांनी सुमारे २८ लाखांचा तोटा दाखवला आणि नंतर ते त्याच भावाने परत घेतले. व्यवहार करासाठीच केला, हे त्यांनी समितीपुढे मान्यही केले.

मग शिक्षा झाली का? नाही. करचुकवेगिरीच्या खटल्यात २२ जून १९३३ रोजी ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर आणि ५० टक्के दंड वसूल करण्यास मान्यता दिली. फौजदारी सुटकेने तो दंड टळत नाही, असे न्यायालयाने ठरवले. रोखेविक्रीबद्दल मात्र त्यांच्यावर फौजदारी खटला झाला नाही. विकायच्या कागदाची खरी स्थिती ग्राहकाला सांगायला भाग पाडणारा केंद्रीय कायदाच तेव्हा नव्हता! तो मे १९३३ मध्ये आला. पाठोपाठ १६ जूनला ग्लास-स्टीगल कायदा झाला : ठेवी घेणाऱ्या बँकेने रोखेविक्रीची जोडकंपनी ठेवायची नाही. या कायद्याचे एक जनक, सिनेटर कार्टर ग्लास, यांचा मिशेल यांच्यावर आधीपासून राग होता. मार्च १९२९ मध्ये फेडरल रिझर्व्ह सट्ट्याला आवर घालू पाहत असताना, न्यूयॉर्क फेडचेच संचालक असलेल्या मिशेल यांनी बाजाराला अडीच कोटी डॉलर देऊ केले होते.

मिशेल १९३५ मध्ये ब्लाइथ अँड कंपनी या रोखे व्यवसायातील पेढीचे अध्यक्ष झाले. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्लास-स्टीगलची भिंत १९९९ मध्ये पाडली गेली. त्याच्या आदल्याच वर्षी विमा आणि शेअर दलाली करणाऱ्या ट्रॅव्हलर्स समूहात एक बँक विलीन झाली होती, आणि कायदा बदलेल असे गृहीत धरूनच तो सौदा झाला होता. ती बँक होती सिटी.